अंगातलं तेवढं टाका

"अंगातलं तेवढं टाका, कढई देते."

भरदुपारी, नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीच्या जिन्यात, शेजारणींच्या साक्षीने बोहारीण मला हे म्हणाली. अंगात जॅकेट होतं. मी शिवलेलं. शेवटचं बटण सकाळीच लागलं होतं आणि ते मिरवायचं म्हणूनच मी ह्यांच्या जुन्या पँटी घेऊन खाली उतरले होते, हे उघड आहे.

जॅकेट सासूबाईंच्या इरकलीचं. निऱ्यांकडून विरलेली, पण पदर ठणठणीत. येवला आमच्याच जिल्ह्यात, तेव्हा घरात पैठणीही आहे. पण जिला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं तिला मी कात्री लावली असती, तर सासूबाईंनी मलाच बोहारणीला दिलं असतं. जुनं कापड आधी उजेडाकडे धरून बघायचं, विरलेल्या जागा खडूने वगळायच्या, मलमलचं अस्तर धावदोऱ्याने धरायचं, मशीनला अकरा नंबरची सुई लावायची आणि टीप जरा लांब ठेवायची. बारीक टिपेने जीर्ण कापड पोस्टाच्या तिकिटासारखं नेमकं टिपेवरच फाटतं. मॅचिंग दोऱ्यासाठी कानडे मारुती लेनमध्ये गेले. गाडी लावायला जागा मिळाली ती रविवार कारंजाच्याही पलीकडे. दुकानदाराने लाल रीळ पुढे केलं, "उन्हात सेम दिसेल मॅडम." उन्हात ते गुलाबी दिसलं. असो.

बोहारणीने आधी पँटी बघितल्या. चेन ओढून बघितली, बसायची जागा सूर्याकडे धरली, खिशात बोट घालून भोक शोधलं. कढईला माल कमी पडत होता. मग तिची नजर माझ्यावर आली.

"हे जुनं नाहीये हो मावशी. नवीन शिवलंय."

"नवीन?" तिने माझी बाही चिमटीत धरली, कापड बोटांत चोळलं. "इरकल हाय. लई धुतल्याली."

"हो, साडी जुनी, पण जॅकेट..."

"म्हंजी जुनंच ना." शेजारच्या काकूंनी मान डोलावली. काकूंना या व्यवहारात काय पडलं होतं?

तिने मला पाठमोरी फिरवलं. मी फिरलेही! पाठीवर मी पदर लावला होता, काठ अगदी मधोमध आणून. "आता जोड दिलेल्या मालाला भाव न्हाई बघा," ती सगळ्यांना समजावू लागली. "अख्खी साडी आसती तर कढई वर झाकण दिलं आसतं. कापून वाटोळं केलं कुनी तरी."

"कुनी तरी" गप्प उभं होतं.

"काखेत चुनी पडलीय," ती पुढे म्हणाली. "टेलरनं फसवलं तुमाला. किती घेतलं?" मग आवाज उतरवून, हळहळत, "आजी गेल्या का?"

आजी, म्हणजे सासूबाई, त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावरून वाकून विचारत होत्या, "कढई नॉनस्टिक आहे का गं?"

यावर सगळा जिना हसला. मीही हसले, पण मला राग आला होता, अजून आहे. आमच्या भागातला टेलर जुन्या कपड्याला हात लावत नाही. "आल्टरचं काम घेत नाही ताई, त्यापेक्षा नवीन शिवा." हेच जॅकेट गंगापूर रोडच्या प्रदर्शनात हँगरला लागलं, त्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी आणि सुतळी बांधली, की भाव चार आकडी. तिथे कुणी काख बघत नाही. आणि घरातल्या बाईने मान मोडून शिवलं, की "वेळ बरा जातो गं तुझा!" माझा वेळ जायला काय झालंय? स्वयंपाक झाल्यावर, सगळे झोपल्यावर, ट्यूबलाइटच्या उजेडात उसवत बसलं की तो आपोआप जातो. ह्यांनी तर जॅकेट बघून एवढंच विचारलं, "माझ्या शर्टाचं बटण राहिलंय ना?"

शेवटी पँटींवर चहाची गाळणी ठरली. मी वरती एक वाटी मागितली, ती म्हणाली परवडत नाही. टोपली उचलता उचलता थांबली.

"म्हंजी मशीन घरीच हाय?"

"आहे."

तिने पिशवी पुढे केली. बंद उसवला होता. मी वर जाऊन शिवून आणला. तिने तो दोन्ही हातांनी ताणून बघितला, उलटा केला, टीप नखाने खरवडली.

"दुहेरी मारायची व्हती," म्हणाली.

मी पुन्हा वर गेले. दुहेरी मारली. वाटी शेवटपर्यंत दिली नाही तिने.