"सहा महिन्यांनंतर फिजिओ म्हणजे पैसे वाया" म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

पंधरा दिवसात चार पेशंटच्या घरच्यांनी मला एकच फॉरवर्ड पाठवलाय, वर "पॅरालिसिस झालेल्यांसाठी महत्त्वाचं" आणि खाली पाच गोष्टी. सहा महिन्यांत जे आलं ते आलं, पुढे फिजिओवर पैसे घालवू नका. घरच्या दोघांनी काखेत हात घालून रोज चालवा, तेवढं पुरे. पलंगावर पायाचे व्यायाम करा, ताकद आली की चालणं आपोआप येतं. पावलाला आधाराचा स्प्लिंट लावू नका, पाय आळशी होतो. आणि खरंच चालायचं असेल तर मोठ्या शहरात पाय धरून चालवणाऱ्या रोबोट मशीनवरच जा. मी न्यूरो फिजिओ आहे, म्हणजे मेंदू आणि नसांच्या आजारांची फिजिओथेरपिस्ट, रोज हेच काम करते, म्हणून एकेक घेते.

आधी सहा महिने, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतंय. सुरुवातीच्या तीनेक महिन्यांत सुधारणा जोरात होते आणि मग वेग मंदावतो हे खरंच आहे, पण मंदावणं म्हणजे थांबणं नव्हे. अमेरिकेत लीप्स नावाचा मोठा अभ्यास झाला, 2011 साली छापून आला, स्ट्रोक म्हणजे मेंदूचा झटका, ज्याने लकवा येतो, तो झालेले 408 लोक. काहींना दोन महिन्यांनी ट्रेडमिलवर चालण्याचं ट्रेनिंग सुरू केलं, काहींना तेच सहा महिन्यांनी, आणि तिसऱ्या गटाला फिजिओने घरी जाऊन ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम दिले. वर्षाच्या शेवटी तिन्ही गट सारखेच पुढे गेलेले, 52 टक्के लोकांचं चालणं वरच्या पायरीवर गेलं. म्हणजे सहा महिने थांबून सुरुवात केलेल्यांनीही इतरांना गाठलं! आणि 2020 मध्ये तिथल्याच न्यूरो फिजिओंनी जी गाईडलाइन काढली ती मुळात सहा महिने उलटून गेलेल्यांसाठीच आहे, त्यात स्पष्ट सांगितलंय की अशा लोकांना मध्यम ते जास्त जोराने चालवायचं, हृदयाचे ठोके वाढले पाहिजेत. आपल्याकडे उलट होतं, बाबा दमतील म्हणून दोन फेऱ्या हळूहळू मारून खुर्चीत बसवतात. बीपी आणि हार्टचं डॉक्टरांना विचारून घ्या, पण मग दम लागू दे, घाम येऊ दे.

काखेत हात घालून चालवणं. हे प्लीज थांबवा. लकवा झालेल्या बाजूचा खांदा स्नायूंच्या आधाराशिवाय लोंबत असतो, तिथून उचललं की खांदा उतरतो, आणि ते दुखणं महिनोन् महिने जात नाही. माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, पाय बरा होता पण खांद्याच्या दुखण्याने त्या उभ्याच राहायला तयार नव्हत्या, घरच्यांनी मायेनेच चालवलं होतं त्यांना, कोणी सांगितलंच नव्हतं. कमरेला रुंद पट्टा बांधा, कमजोर बाजूला थोडं मागे उभं राहा आणि पट्टा धरा. आणि फिजिओ नको, घरचे पुरे म्हणाल तर तेही तपासून झालंय, आपल्याच देशात, 14 हॉस्पिटलं, 1250 पेशंट, 2017 साली निकाल आला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला घरच्यांना शिकवून व्यायाम करून घेतले तरी सहा महिन्यांनी फरक पडला नाही, मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत 47 टक्केच. घरच्यांचा वेळ फुकट जातो असं मी म्हणत नाहीये, त्यांच्याशिवाय माझं पान हलत नाही. पण सगळा भार त्यांच्यावर टाकून भागत नाही.

आता पलंगावरचे व्यायाम. चालायला शिकायचं तर चालावंच लागतं, पोहणं जसं काठावर बसून येत नाही. ताकद हवीच, पण चालणं बिघडतं ते एकाच कारणाने नाही, आणि खरं कसब ते कारण शोधण्यात आहे. दहा पेशंट पाय कमरेतून गोल फिरवून टाकतात, लांबून सगळे सारखेच दिसतात. एकाचा पंजा उचलत नाही, बोटं जमिनीला घासतात म्हणून तो पाय बाहेरून नेतो. दुसऱ्याचा गुडघा ताठ, वाकतच नाही, तिथे टोन आहे, म्हणजे स्नायू आखडून ताठ राहतात. तिसऱ्याला मांडी पुढे उचलायची ताकद नाही. चौथ्याला पाय कुठे पडतोय हेच कळत नाही, संवेदना गेलीये. चौघांना एकच व्यायामाचा कागद दिला तर तिघांचा वेळ गेला. म्हणून मी आधी अनवाणी आणि मग चपला घालून चालताना बघते, समोरून आणि बाजूने, खुर्चीतून उठायला लावते, वळायला लावते, कारण पडतात ते बरेचदा वळतानाच. मग 10 मीटर चालायला किती सेकंद लागतात ते मोजते. 25 सेकंदांपेक्षा जास्त लागले तर तो माणूस साधारण घरापुरताच चालतो, साडेबाराच्या आत आला तर बाहेर बाजारात फिरण्याइतका वेग आहे. दर दोन-तीन आठवड्यांनी परत मोजायचं, आकडा हलला नाही तर उपचार बदलायचा, पेशंटला दोष द्यायचा नाही.

स्प्लिंटने पाय आळशी होतो याला आधार नाही. फूट ड्रॉपला, म्हणजे पंजा उचलला जात नसेल तर, एएफओ (घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा स्प्लिंट) किंवा पंजा उचलणारं करंट मशीन द्यावं असं 2021 च्या गाईडलाइनमध्ये आहे. पंजा घासून अडखळून पडलात आणि खुबा मोडला तर? माप मात्र नीट घ्या, दुकानातला तयार स्प्लिंट टोचला की लोक दोन दिवसात माळ्यावर टाकतात.

रोबोटचं थोडक्यात. स्वतःहून चालताच येत नाही अशांना पहिल्या तीन महिन्यांत फिजिओथेरपीच्या जोडीला मशीनचा उपयोग होतो. पण सहा महिने उलटलेत, थोडंफार चालता येतंय, तर 2020 ची तीच गाईडलाइन सांगते की रोबोटवर चालवू नका. लीप्समध्येही फिजिओने घरी जाऊन व्यायाम दिलेला गट ट्रेडमिलवाल्यांच्या मागे पडला नव्हता. त्यामुळे शेत विकून पुण्या-मुंबईला जायचा विचार करत असाल तर थांबा. आधी जवळच्या फिजिओकडे जा, जाताना रोजच्या चपला, काठी आणि घरात चालतानाचा मोबाईलवरचा व्हिडिओ घेऊन जा, समोरून एक आणि बाजूने एक, आणि विचारा की यांचा पाय नेमका कशामुळे अडतोय.