७९ डॉलरचं सर्व्हिस डॉग कार्ड

तो फॉरवर्ड परत फिरतोय. 'अमेरिकेतल्या श्वानप्रेमींसाठी उपयुक्त माहिती' म्हणे. ७९ डॉलर भरून कुत्रा सर्व्हिस डॉग (म्हणजे अपंग माणसाच्या मदतीसाठी खास शिकवलेला कुत्रा) म्हणून सरकारदरबारी रजिस्टर करा, क्यूआर कोडवालं कार्ड आणि लाल जॅकेट घरपोच, मग दुकान, विमान, भाड्याचं घर, कुठेच कोणी अडवणार नाही, एक प्रश्नसुद्धा विचारणार नाही, आणि यात कुणाचं काहीच नुकसान नाही. एरवी डिलीट करून मोकळी झाले असते, पण कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या मावसबहिणीने तो पाठवून खाली लिहिलंय, 'ताई, ब्रुनोचं करून टाकते गं, डिसेंबरात पुण्याला आणायचंय त्याला.' ब्रुनो तिचा लॅब्रडॉर. गुणी आहे, पण बेल वाजली की सोफ्यामागे लपतो. हा कुणाला काय सर्व्हिस देणार?

आधी ते 'सरकारदरबारी'. अमेरिकेत सर्व्हिस डॉगची अशी सरकारी नोंदणीच नाहीये. एडीए हा तिथला अपंगांच्या हक्कांचा कायदा, आणि त्यावर न्याय खात्याने २०१५ साली प्रश्नोत्तरं काढलीयत, त्यात सरळ लिहिलंय की ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या सर्टिफिकेटांनी आणि नोंदण्यांनी कुठलाही हक्क मिळत नाही आणि खातं त्यांना पुरावा मानत नाही. विषय खरं तर इथेच संपतो. तरी मी लिंक उघडून फॉर्म बघितला. कुत्र्याचं नाव, फोटो, कार्डाचा रंग, आणि थेट पेमेंट. कुत्र्याला काय येतं हा रकानाच नाही! मी नाव 'धोंडोपंत' टाकलं, फोटो टेडी बेअरचा, तरी प्रिव्ह्यूमध्ये गरुडाच्या शिक्क्यासकट झक्कास कार्ड तयार.

'एक प्रश्नसुद्धा नाही' हे अर्धसत्य. कागद मागता येत नाही, आजार विचारता येत नाही, हे मान्य. पण दोन प्रश्न विचारता येतात: अपंगत्वामुळे लागणारा सर्व्हिस डॉग आहे का, आणि त्याला कुठलं काम शिकवलंय. 'तो जवळ असला की बरं वाटतं' हे काम धरत नाहीत. आणि कुत्रा आवरेना किंवा त्याने आत घाण केली, तर खराखुरा असला तरी बाहेर काढता येतो.

आता माझं डोकं फिरवणारं वाक्य, 'कुणाचं नुकसान नाही'. अहो, कायद्याने कार्डाची अट ठेवली नाही म्हणूनच अंध माणसाला दूध आणायला जाताना कागदपत्रं बाळगावी लागत नाहीत, आणि संस्थेचा कुत्रा मिळाला नाही तर स्वतः शिकवलेलाही चालतो. सगळी सोय विश्वासावर उभी आहे. त्यात हे कार्डवाले घुसले की दुकानदाराला वाटायला लागतं, खऱ्याकडे कार्ड असणारच. मग अडवलं कुणाला जातं? ज्याचा कुत्रा खरा आहे आणि कार्ड नाही त्याला. माझ्या ऑफिसात एक अंध सहकारी आहेत, त्यांची लॅब्रडॉर कुत्री न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनच्या सीइंग आय संस्थेतून आलेली. ही संस्था १९२९ पासून हेच काम करते. पिल्लू साधारण वर्षभर स्वयंसेवकांच्या घरी, मग काही महिने प्रशिक्षकाकडे, मग अंध व्यक्ती स्वतः तिथे राहून त्याच्याबरोबर चालायला शिकते, आणि पहिल्या कुत्र्याचे तिच्याकडून घेतात १५० डॉलर. इकडे नुसत्या प्लास्टिकचे ७९! ती कुत्री मीटिंगभर टेबलाखाली पडून असते, समोर समोशाचा तुकडा पडला तरी ढिम्म. पण मॉलमध्ये एक लाल जॅकेटवालं ध्यान तिच्यावर धावून गेलं, तेव्हापासून कितीतरी दिवस ती दुसरा कुत्रा दिसला की रस्ता ओलांडता ओलांडता मध्येच थबकायची. तिच्या भरवशावर चालणाऱ्याला गाडी दिसत नाही हो! अशा हल्ल्यानंतर काही गाइड डॉगना कायमचं कामावरून काढावं लागतं.

विमानाचं म्हणाल तर जानेवारी २०२१ पासून भावनिक आधाराच्या प्राण्यांना सर्व्हिस डॉग मानायचं बंधन एअरलाइन्सवर नाही. सर्व्हिस डॉगसाठी एअरलाइन्स अमेरिकी वाहतूक खात्याचा फॉर्म मागू शकतात, आणि त्यावर खोटी माहिती देऊन सही करणं महागात पडतं. शिवाय अमेरिकेत परतायचंय ना? रेबीजसाठी भारत सीडीसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या, जास्त धोक्याच्या यादीत आहे, मायक्रोचिप आणि लसीचे कागद निघण्याआधीच करून ठेवावे लागतात, सर्व्हिस डॉग असला तरी.

भाड्याच्या घराचं थोडं खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. तिथे आधाराच्या प्राण्यालाही सवलत मिळू शकते, पण डॉक्टरच्या किंवा थेरपिस्टच्या पत्रावर, कार्डावर नाही. कॅलिफोर्नियात तर २०२२ पासून कुत्र्यासाठी असं पत्र द्यायच्या आधी त्यांनी तुम्हाला किमान ३० दिवस ओळखायला हवं. आणि आपला कुत्रा सर्व्हिस डॉग आहे असं जाणूनबुजून खोटं सांगितलं तर त्याच राज्यात १,००० डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे फॉरवर्डमध्ये बरं नाही लिहिलं कुणी.