केडगावचा पैसा आणि केडगावचं काम: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पंडिता रमाबाईंनी केडगावला निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या मुक्ती मिशनवर मी लिहिलेला लेख वाचून आपण कळवलंत: "दुष्काळात भाकरी दाखवून धर्म बदलला आणि तुम्ही त्याला स्त्रियांचं स्वावलंबन म्हणता. अमेरिकेच्या पैशावर चाललेली, साहेबाच्या ओंजळीने पाणी पिणारी संस्था बायकांना कसलं स्वावलंबन शिकवणार? हेच काम अण्णासाहेब कर्व्यांनी धर्म न बदलता करून दाखवलं." आपला राग मनापासूनचा आहे, म्हणून दोन ओळींत वाटेला लावणं बरं वाटेना. सविस्तर लिहिते.

आधी पैशाचं. 1887 च्या डिसेंबरात बॉस्टनला जी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, तिने मदत कबूल केली होती ती दहा वर्षांपुरती. ही मुदत रमाबाईंच्या डोक्यात पहिल्यापासून होती. 11 मार्च 1889 ला त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन, म्हणजे विधवांना ठेवून घेऊन शिकवणारी शाळा, उघडलं, पुढच्या साली ते पुण्याला हलवलं, आणि मुदत संपायच्या आत केडगावला जमीन घेतली. ती घेतली फळबागेसाठी. झाडं धरायला लागली की त्या उत्पन्नावर सदन चालावं, दरवर्षी परदेशापुढे हात पसरायची वेळ येऊ नये, असा त्यामागचा हिशेब. पुणे-दौंड रेल्वेवरचा हा भाग बेभरवशाच्या पावसाचा. तिथे विहिरी खणून बाग उठवायची म्हणजे खायचं काम नव्हतं. परदेशी पैशावर कायम बसून खायचं असतं तर एवढा खटाटोप कोणी कशाला करेल?

बागेचा हिशेब पुढे कोलमडला, हेही खरं. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. 1899-1900 ला गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा पुन्हा तेच. मुक्तीत माणसं दीड-दोन हजारांच्या घरात गेली. एवढी तोंडं एका शेतावर पोसली जात नाहीत. संस्था देणग्यांवर चालली, याबद्दल माझा आपल्याशी वाद नाही. पण संस्थेच्या पेटीत पैसा कुठून आला आणि आत राहणाऱ्या बाईच्या हाताला काय लागलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माझा लेख दुसऱ्या प्रश्नाबद्दल होता.

रमाबाईंनी हाताच्या कामावर एवढा भर का दिला, हे त्यांच्या तरुणपणात पाहिल्याशिवाय कळत नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, मुलीलाही शिकू दिलं. भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते. सगळं कुटुंब तीर्थं करत, पुराणं सांगत हिंडायचं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात जवळचं होतं नव्हतं ते संपलं आणि वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. त्या दिवसांबद्दल रमाबाईंनी स्वच्छ लिहून ठेवलंय: पोथीपुराणाबाहेरचं आम्हाला काहीच येत नव्हतं, अंगमेहनतीचं काम करायची लाज वाटायची आणि भीक मागवत नव्हती. पुढे त्या आणि भाऊ श्रीनिवास पायी उत्तरेत भटकले. झेलमच्या काठी एका थंडीत अंगावर घ्यायला काही नव्हतं, तेव्हा दोघांनी वाळूत थडग्यासारखे खड्डे केले, त्यात आडवे झाले आणि वरून वाळू ओढून घेतली. तीच मुलगी 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचली आणि तिथल्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. अठरा हजार श्लोक पाठ असलेल्या घरात चार पैसे मिळवायचं एकही काम कोणाला येत नव्हतं, म्हणून तीन माणसं उपाशी मेली. हे ज्या बाईने डोळ्यांनी पाहिलं, ती दुसऱ्या बायकांना नुसतं वाचन आणि प्रार्थना शिकवून गप्प बसणार नव्हती.

म्हणून मुक्तीत शेती होती, गाईगुरं होती, हातमाग होते, तेलाचा घाणा होता, शिवण होतं. अंध मुलींसाठी ब्रेल होती. ती आणली रमाबाईंच्या लेकीने, मनोरमाबाईंनी. मला स्वतःला सगळ्यात जास्त ओढ आहे ती तिथल्या छापखान्याची, आणि आपणही त्याचा जरा विचार करावा असं मला वाटतं. शिशाचे खिळे जुळवून देवनागरी छापणं हे इंग्रजीपेक्षा कितीतरी किचकट. सव्वीस अक्षरांवर भागत नाही. काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं, सगळ्यांचे वेगळे खिळे, वेगळी खणं, आणि जुळवताना ओळ डोळ्यांसमोर उलटी. हे काम करत होत्या बायका. कालपरवापर्यंत अक्षर न ओळखणाऱ्या, दुष्काळातून वाचून आलेल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं. त्याची जुळणी, छपाई, बांधणी मुक्तीतल्या बायकांच्या हातची. रमाबाई 5 एप्रिल 1922 ला गेल्या, त्याच्या जेमतेम आधी त्यांच्या हातून काम पुरं झालं आणि 1924 ला ग्रंथ बाहेर पडला. त्यात काय छापलंय यावर आपण वाद घाला. पण त्या काळात महाराष्ट्रात बायकांच्या हातून चाललेला एवढा मोठा छापखाना दुसरा कुठे होता?

आता धर्मांतर. इथे मी हात झटकणार नाही. शारदा सदनात नियम असा होता की कोणाला ख्रिस्ती व्हायला सांगायचं नाही. मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. पण रमाबाईंनी स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचं दार लावायला नकार दिला आणि मुली तिथे जाऊन बसू लागल्या. त्यावरून 'केसरी'ने रान उठवलं, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या वादात पालकांची बाजू मला समजते. शब्द दिला होता एक आणि घडत होतं दुसरं, असं त्यांना वाटलं तर त्यात नवल नाही.

केडगावची मुक्ती तर उघड ख्रिस्ती संस्था होती. दहा-बारा वर्षांची उपाशी पोर. तिला अन्न, वस्त्र, अक्षर आणि देव एकाच हातातून मिळतोय. तिच्या निवडीला मी 'स्वखुशीची' म्हणणार नाही. मुक्तीच्या कामाबद्दल जे छापलं गेलं त्यातला मोठा भाग परदेशातल्या देणगीदारांसाठी लिहिलेला आहे, हेही वाचताना विसरून चालत नाही. पण त्या पोरीपुढे दुसरी दारं कोणती उघडी होती, ते विचारा. दुष्काळी छावण्यांत वाईट माणसं कोवळ्या मुली हेरून नेत, हे रमाबाईंनी तेव्हाच लिहिलं होतं. छावणीच्या बाहेर हात धरायला जी बाई उभी होती ती ख्रिस्ती होती. बाकीचे का नव्हते, हा प्रश्न मला त्या बाईला विचारता येत नाही. तो आपल्याच पणजोबांना विचारायला हवा.

साहेबाच्या ओंजळीने पाणी, हे मात्र मला मुळीच मान्य नाही. इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाल्यावर तिथल्या ख्रिस्ती मठातल्या जोगिणींशी रमाबाईंचे खटके उडाले ते याच कारणाने. मी काय मानायचं ते दुसऱ्याने ठरवायचं नाही, हे त्यांनी पत्रांतून ठणकावून सांगितलं. 1897 मध्ये पुण्यात प्लेगचा कारभार चालला होता, तेव्हा प्लेगच्या इस्पितळात बायकांची कशी आबाळ होते ते त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून जाहीर केलं. गव्हर्नर सँडहर्स्टला ते भलतंच झोंबलं. हस्तक असं वागत नाहीत.

राहिले अण्णासाहेब. आपण त्यांचं नाव रमाबाईंना उत्तर म्हणून घेतलंत, पण इतिहासात ही दोन नावं एकमेकांत गुंतलेली आहेत. शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, कर्व्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण. 1893 च्या मार्चमध्ये तिचं कर्व्यांशी लग्न झालं आणि ती आनंदीबाई कर्वे झाली, सगळ्यांची बाया. त्या लग्नापायी मुरुडने, कर्व्यांच्या स्वतःच्या गावाने, त्यांच्यावर बहिष्कार घातला. तीन वर्षांनी, 1896 मध्ये, कर्व्यांनी आश्रम काढला. तो पुढे हिंगण्याला गेला, आणि त्याच्यासाठी वर्गणी गोळा करत बाया वणवण हिंडल्या. त्या शिकल्या होत्या शारदा सदनात. कर्व्यांनी धर्म मधे न आणता काम केलं, याचं मोल मी मानतेच. मात्र तो आश्रम सुरुवातीला मुख्यतः ब्राह्मण विधवांसाठी होता. समाजाचा रोष किती अंगावर घ्यायचा याचा अंदाज घेत त्यांना पुढे जावं लागलं. दुष्काळातल्या कुणब्याच्या, कोष्ट्याच्या, महाराच्या मुली तिथे जाऊ शकल्या नसत्या. केडगावला जात विचारली जात नव्हती.

मुक्ती मिशन केडगावला आजही आहे. आपण पुणे भागातले असाल तर एकदा जाऊन या. आणि मुक्तीत वाढलेल्या कोणा बाईने स्वतः, मिशनच्या अहवालासाठी नव्हे, आपल्या आयुष्याबद्दल मराठीत काही लिहिलेलं किंवा सांगितलेलं आपल्या वाचनात आलं असेल, मग ते मुक्तीच्या बाजूचं असो की विरुद्ध, तर मला जरूर कळवा. मी ते शोधते आहे.