8.8.8.8 आणि कुलूपबंद फाइल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अपग्रेडनंतर बिघडणाऱ्या डीएनएसवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्याच्या सोयीवर, मी लेख लिहिला होता. त्यावर तुमचं म्हणणं असं : उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या 16.04 वरून 18.04 वर गेल्यावर साइट्स उघडेनात, तर रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये (नावं कुणाला विचारायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) गूगलच्या नेमसर्व्हरचा, म्हणजे नावांचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरचा, 8.8.8.8 हा पत्ता टाकायचा, चॅटर +आय या आज्ञेने फाइल कुणालाच बदलता येणार नाही असं कुलूप लावायचं, दोन मिनिटांत काम संपतं. मी मात्र नवशिक्यांना सिमलिंकच्या (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या दुव्याच्या) फेऱ्यात अडकवलं. शिवाय डीएनएसची स्थिती दाखवणारी, मी दिलेली रिझॉल्व्हसीटीएल ही आज्ञा तुमच्याकडे चाललीच नाही.

आज्ञेबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. ती सिस्टिमडीच्या (उबुंटूच्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) 239 आवृत्तीपासून आली आणि 18.04 मध्ये 237 आहे. तिथे सिस्टिमडी-रिझॉल्व्ह --स्टेटस असं लिहायला हवं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. तुमचा वेळ गेला, त्याबद्दल माफी मागतो.

कुलपाचं मात्र मला पटत नाही, कारण ते मी स्वतः लावून पाहिलंय. घरी सगळं सुरळीत चाललं. मग ऑफिसचं व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची वाट) जोडलं, तर ते जोडलं जाई, पण आतल्या गिट सर्व्हरचं (जिथे आमचा कोड असतो त्याचं) नाव काही सापडेना. सापडणार कसं? ते नाव फक्त ऑफिसच्या नेमसर्व्हरला ठाऊक, आणि माझं मशीन प्रत्येक प्रश्न 8.8.8.8 ला विचारत होतं. व्हीपीएनने स्वतःचा नेमसर्व्हर कळवला होता, पण फाइल कुलूपबंद असल्यामुळे तो वाचणारं कुणी उरलं नव्हतं. बाहेरचा डीएनएस अडवणाऱ्या वायफायवर तर लॉगिनचं पानसुद्धा येत नाही.

मुळात बिघडतं काय? 16.04 च्या डेस्कटॉपवर नेटवर्क सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर डीएनएसमास्क हा नावं शोधून देणारा प्रोग्राम मशीनवरच चालवायचा, पत्ता 127.0.1.1. 18.04 मध्ये ते काम सिस्टिमडी-रिझॉल्व्हडीकडे आलं, पत्ता 127.0.0.53. अपग्रेडनंतर रिझॉल्व्ह.कॉन्फ जुनीच राहिली, तर मशीन रिकाम्या घराचं दार वाजवत बसतं. उलट 127.0.0.53 दिसलं म्हणून बरेच जण तेच खोडतात. तो पत्ता बरोबर आहे, तो राहू द्या.

म्हणून काही बदलण्याआधी उत्तर कोण देतंय ते बघा, असा माझा आग्रह आहे. पिंग ही आज्ञा समोरचा पत्ता उत्तर देतो का ते बघते. पिंग 8.8.8.8 चालतं आणि पिंग विकिपीडिया.ऑर्ग चालत नाही, तर गडबड बहुधा नावांचीच. मग एलएस -एल /इटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ ही आज्ञा द्या. ती लिंक कुठे जाते ते बाणाने दाखवते. बाण /रन/सिस्टिमडी/रिझॉल्व्ह/स्टब-रिझॉल्व्ह.कॉन्फकडे जायला हवा. डीएनएसला थेट विचारणाऱ्या नुसत्या डिग या आज्ञेवर विसंबू नका. नावं कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायची ते एनएसस्विच.कॉन्फ या फाइलमध्ये असतं. डिग ती बघतच नाही, पिंग आणि बहुधा ब्राउझरही बघतात. त्यांना काय दिसतं ते गेटएन्ट होस्ट्स या आज्ञेपुढे साइटचं नाव दिलं की कळतं. डिगला उत्तर मिळतं आणि गेटएन्टला नाही, तर एनएसस्विचमधली 'होस्ट्स' ही ओळ वाचा.

तातडीच्या वेळी 8.8.8.8 टाकून काम भागवण्यात काही गैर नाही. रात्री अकराला फॉर्म भरायचा असेल तर मीही तेच करीन, आणि हे लेखात सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. फक्त कुलूप लावू नका.

तुमच्याकडे ते लागलेलं आहेच. सिमलिंकवर चॅटर चालत नाही, म्हणजे तुमची लिंक जाऊन तिथे साधी फाइल आली आहे. आधी सुडो (प्रशासकाच्या हक्काने) चॅटर -आय करून कुलूप काढा, मग सुडो एलएन -एसएफने रिझॉल्व्ह.कॉन्फची वरच्या स्टब फाइलकडे लिंक करा आणि सिस्टिमडी-रिझॉल्व्हडी रीस्टार्ट करा. तरीही नावं सापडली नाहीत, तर --स्टेटसमध्ये तुमच्या वायफायच्या नावाखाली डीएनएस सर्व्हर्ससमोर काय येतं ते इथे लिहा. ऑफिसचे पत्ते तेवढे झाका.