बायपोलर एका ओळीत उरकलंय

तुमच्या नैराश्यावरच्या लेखात नैराश्याची लक्षणं नीट आलीत, पण बायपोलर (कधी उन्माद, कधी नैराश्य असा आजार) एका ओळीत उरकलंय, ते खटकलं. माणूस डॉक्टरांकडे जातो तो मन पार खचल्यावर. आधी येऊन गेलेल्या उन्मादाबद्दल कोणी सांगतच नाही, कारण घरच्यांना ती तरतरी वाटते. आमचे धाकटे काका पहाटे तीनला उठून कपाटं आवरायचे, झोप नाही तरी दमणं नाही, उधारीवर मिक्सर काय, पंखे काय! सगळे खूश. पुढे अंथरुणातून उठेनात, तेव्हा डॉक्टरांनी काकूंना खोदून खोदून विचारलं, म्हणून निदान झालं. अशा रुग्णाला नुसत्या नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर उन्माद उसळू शकतो.

काकांना लिथियम हे औषध लागू पडलं. ऑस्ट्रेलियातल्या डॉ. जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला, म्हणजे औषध जुनंच. मात्र रक्तातली पातळी बघत राहावी लागते, तीही शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी. शिवाय थायरॉइड, किडनीही तपासत राहावं लागतं. गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून परस्पर आयबुप्रोफेन आणू नका, त्याने लिथियमची पातळी चढते. जुलाब-उलट्या झाल्या तरी वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा.