पोस्टाने बँड बंद पाडला नाही

'द पोस्टल सर्व्हिस' या अमेरिकी बँडची एक गोष्ट नेटवर सतत फिरत असते. दोन अनोळखी तरुण एकमेकांचं तोंडही न पाहता पोस्टाने टेपा पाठवत अल्बम करतात. तो लाखांनी खपतो. मग सरकारी टपाल खातं नाव चोरल्याचा खटला भरतं आणि बिचारा बँड एका अल्बमवर कायमचा संपतो. गोष्ट रंगते छान, पण तिच्यातल्या टेपा, पोस्ट आणि खपाचा आकडा सोडला तर फारसं काही टिकत नाही.

"अनोळखी तरुण." बेन गिबर्ड हा वॉशिंग्टन राज्यातल्या 'डेथ कॅब फॉर क्युटी' या रॉक बँडचा गायक. जिमी टँबोरेलो लॉस एंजेलिसचा, 'डिंटेल' या नावाने इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा. २००१ साली टँबोरेलोचा 'लाइफ इज फुल ऑफ पॉसिबिलिटीज' हा अल्बम आला, त्यातलं एक गाणं गिबर्डने गायलं आहे. तो लॉस एंजेलिसला आला असताना दोघांनी एकत्र बसून केलेलं ते गाणं. ते जमलं म्हणूनच पुढचा घाट घातला. म्हणजे ओळख आधीची, टेपा नंतरच्या.

मग पोस्ट कशाला? कारण एक सिॲटलमध्ये, दुसरा लॉस एंजेलिसमध्ये, मधे रस्त्याने अठराशे किलोमीटर, आणि दोघांनाही आपापली कामं. सीडीच्या दर्जाचा एक मिनिटाचा आवाज म्हणजे साधारण १० एमबी. तेव्हाच्या घरगुती डायल-अप मोडेमवरून तो उतरवून घ्यायला पंचवीस-तीस मिनिटं लागत. पूर्ण गाण्याचे सगळे ट्रॅक पाठवायचे तर पाकीट पोस्टात टाकणंच शहाणपणाचं. टँबोरेलो ठेका आणि सुरावटी रचून पाठवायचा. गिबर्ड त्यात काटछाट करून, शब्द आणि आवाज चढवून परत पाठवायचा. यात काव्य बघायचं त्याने बघावं, मला सोय दिसते.

"दोघांनीच केलेला अल्बम." जेनी लुईस आणि जेन वुड या दोघींचे आवाज त्यात आहेत, डेथ कॅबच्याच ख्रिस वॉलाचं वादन आहे. 'नथिंग बेटर' तर सरळसरळ सवाल-जवाब आहे: त्याने गळ घालायची, तिने ती मोडून काढायची. वुडला वगळलं तर ते गाणंच उरत नाही.

आता मुख्य मुद्दा, खटल्याचा. 'गिव्ह अप' हा तो अल्बम फेब्रुवारी २००३ मध्ये सब पॉप या सिॲटलच्या रेकॉर्ड कंपनीने काढला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टपाल खात्याचं पत्र आलं: 'पोस्टल सर्व्हिस' हा आमचा ट्रेडमार्क आहे, वापर थांबवा. पत्र खरं, कडकही. पण पत्र म्हणजे खटला नव्हे, आणि प्रकरण कोर्टात गेलंच नाही. अमेरिकेत ट्रेडमार्क सांभाळायची जबाबदारी मालकाची असते. दुसऱ्याने वापरलेला दिसूनही गप्प बसलं तर हक्क ढिला पडू शकतो. त्यामुळे अशी पत्रं मोठ्या संस्थांचे वकील पाठवतच असतात, त्यात आकस शोधायची गरज नाही.

पुढे जे झालं ते फॉरवर्डमधल्या गोष्टीपेक्षा कितीतरी गमतीचं आहे, म्हणूनच ते गाळलं जातं याचं नवल वाटतं. २००४ मध्ये तडजोड झाली. खात्याने नाव वापरायचा परवाना फुकट दिला. बदल्यात बँडने टपालाचा प्रचार करायचा आणि पोस्टमास्टर जनरलच्या वार्षिक अधिकारी परिषदेत जाऊन वाजवायचं. खातं आपल्या संकेतस्थळावर अल्बमही विकणार होतं. शिवाय पुढच्या प्रतींवर आणि बँडच्या पुढच्या कामावर ट्रेडमार्कची सूचना छापायची, असंही ठरलं. पुढच्या कामावर! बँड बंद पाडायचा असता तर त्याच्या पुढच्या रेकॉर्डवर काय छापायचं हे कोण कशाला ठरवेल?

(नंतर याच बँडचं 'सच ग्रेट हाइट्स' यूपीएसच्या टीव्ही जाहिरातींत वाजलं. यूपीएस म्हणजे पार्सलच्या धंद्यात टपाल खात्याची थेट प्रतिस्पर्धी. खात्यात कुणी कपाळावर हात मारला असेल तर त्याला दोष देता येणार नाही.)

"म्हणून दुसरा अल्बम आला नाही." कारण वेगळं आणि बरंच रटाळ आहे: वेळ. डेथ कॅबचा 'ट्रान्सअटलांटिसिझम' ऑक्टोबर २००३ मध्येच आला. पुढच्या वर्षी तो बँड अटलांटिक या बड्या कंपनीकडे गेला, २००५ मध्ये 'प्लॅन्स' आला, आणि २००८ चा 'नॅरो स्टेअर्स' बिलबोर्डच्या म्हणजे अमेरिकेतल्या अल्बमच्या खपाच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर चढला. टँबोरेलो डिंटेलच्या कामात, लुईस तिच्या रिलो कायली या बँडमध्ये आणि मग स्वतःच्या गाण्यांत. दुसऱ्या अल्बमचे प्रयत्न तडजोडीनंतरही झाले, ते पूर्ण झाले नाहीत इतकंच. दोन शहरांतल्या दोन गुंतलेल्या माणसांचा जोडउद्योग रखडायला सरकार लागत नाही.

खपाचा आकडा खरा, पण तो रातोरात आला असं सांगतात ते नाही. सुरुवातीच्या फेरीत 'गिव्ह अप' बिलबोर्डवर ११४ च्या वर गेला नाही. दहा लाखांची प्लॅटिनमची मोहोर २०१२ मध्ये लागली, म्हणजे नऊ वर्षांनी. सब पॉपच्या इतिहासात त्याच्या पुढे फक्त 'निर्वाणा' या रॉक बँडचा 'ब्लीच' आहे.

राहिलं "कायमचा संपला". २०१३ मध्ये अल्बमची दहाव्या वर्षाची आवृत्ती निघाली, तिच्यात दोन नवी गाणी होती, आणि बँड दौऱ्यावर गेला, त्यात कोचेला हा कॅलिफोर्नियातला मोठा संगीत महोत्सवही होता. वीस वर्षं झाली तेव्हा, २०२३ मध्ये, गिबर्डने दोन्ही बँड एकाच दौऱ्यावर नेले: रोज रात्री आधी अख्खा 'ट्रान्सअटलांटिसिझम', मग अख्खा 'गिव्ह अप'. दोन्ही वेळा गायला तोच. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन आणि लॉस एंजेलिसचा हॉलीवूड बोल त्याच दौऱ्यातले.