‘इंजिनिअर लोक भीती दाखवतात’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही निवृत्तीचा उल्लेख केलात म्हणून काका म्हणतोय. बांधकाम परवान्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही जे लिहिलंत ते इतरांनाही कळावं म्हणून थोडक्यात मांडतो. तुमचं म्हणणं असं की सोळाशे फुटांपर्यंत सरकारने परवानगीच काढून टाकली आहे, तरी मी लोकांना फायली करायला लावतो, कारण त्यात माझी फी आहे. साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं, हे मी लपवलं. सोलापूरच्या हद्दवाढ भागात निम्मी घरं विनापरवाना उभी आहेत, घरपट्टी भरतात, कुणाचं काही पडलेलं नाही. आणि शेवटी, “बंगलेवाल्यांसाठी लिहिता, विडी वळणाऱ्या बाईने काय करायचं ते सांगा की ओ.”

फीचं आधी संपवू. घेतो, धंदाच आहे. पण छोट्या प्लॉटच्या सवलतीने माझी फी वाढली नाही, जबाबदारी वाढली. पूर्वी नकाशावर पालिकेचा माणूस बसायचा, त्रुटी काढायचा. आता माझ्या दाखल्यावर काम सुरू होतं आणि मार्जिन (घराभोवती सोडायची मोकळी जागा) चुकलं तर मालकाबरोबर माझाही लायसन्स नंबर त्या कागदावर असतो.

सोळाशे फुटांबद्दल आपल्याकडे दोन बातम्यांची खिचडी झाली आहे. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. तीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या (म्हणजे साधारण सोळाशे चौरस फुटांच्या) भूखंडासाठी अशी सोय आहे की परवानाधारक अभियंत्याने किंवा वास्तुविशारदाने नकाशे, मालकीचे कागद आणि दाखले द्यायचे, शुल्क भरायचं, आणि त्याची पावती हीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरला दहा दिवसांत निर्णय. त्याच सुमारास खेड्यांसाठी, ग्रामपंचायतीच्या हद्दीसाठी वेगळी घोषणा झाली. व्हॉट्सॲपवर दोन्ही एक झाल्या आणि ‘सोळाशे फुटाला काहीच लागत नाही’ असं होऊन बसलं. नीट बघा, हे १५० चौरस मीटर भूखंडाचं क्षेत्र आहे, बांधकामाचं नव्हे. आणि पावती मिळवायला कागद द्यावेच लागतात. ज्याच्याकडे तेच नाहीत, त्याला ही सवलत आहे काय अन् नाही काय.

साठ दिवसांचं तुम्ही म्हणता ते कलम खरं आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, कलम ४५, पोटकलम ५. मी ते लपवलं नाही, त्यावर विसंबू नका एवढंच म्हटलं होतं. एक तर हे दिवस अर्जापासून किंवा पालिकेने काढलेल्या त्रुटीला तुम्ही दिलेल्या उत्तरापासून मोजायचे, जे नंतर असेल ते. एक त्रुटीपत्र आलं की मोजणी नव्याने सुरू. आणि मानीव परवानगी लागू होते ती नियमात चोख बसणाऱ्या नकाशालाच. मार्जिनमध्ये जिना काढलेला नकाशा साठ काय, सहाशे दिवस पडून राहिला तरी मंजूर ठरत नाही. ज्याचा नकाशा चोख आहे त्याने मात्र हे कलम जरूर दाखवावं. मीही पत्रात लिहितो.

आता ‘घरपट्टी भरतो म्हणजे घर कायदेशीर’. हा समज सोलापुरात इतका घट्ट आहे की खरेदीखताला घरपट्टीची पावती जोडून लोक निवांत असतात. महापालिका अधिनियमाच्या कलम २६७अ मध्ये अनधिकृत बांधकामावर करासोबत शास्ती (दंड) लावायची तरतूद आहे आणि तिथेच लिहिलंय की कर आणि शास्ती घेतली म्हणून बांधकाम नियमित झालं असं होत नाही. तुम्ही भरताय तो कर आहे. बँकेत कर्जाला गेलात की मंजूर नकाशा मागतात, तेव्हा घरपट्टीच्या पावतीचा उपयोग नसतो.

पाडापाडीचं म्हणाल तर कुमठ्याच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची, विमानसेवेला अडथळा ठरलेली विनापरवाना चिमणी आठवा. १५ जून २०२३ ला ती पडताना अख्ख्या शहराने मोबाइलवर पाहिली. विमानसेवा की कारखाना, या वादात मी पडत नाही, त्यावर आपल्याकडे घराघरांत दोन मतं आहेत. पण परवानगीचा प्रश्न वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्यांत अडकला म्हणजे तो विरला असं नसतं, हे तिथे दिसलं.

हे सगळं झालं माहितीचं. तुमच्या शेवटच्या प्रश्नाला मात्र खरं वजन आहे.

१९९२ च्या हद्दवाढीत बाळे, शेळगी, देगाव, सोरेगाव, मजरेवाडी अशी गावं शहरात आली. शेतं तशीच होती, वस्ती येत गेली. शेतकऱ्याने किंवा त्याच्या एजंटाने फक्की मारून वीस बाय तीसचे तुकडे पाडले, मधे दहा-बारा फुटांचा बोळ सोडला आणि त्याला रस्ता म्हटलं. मोकळी जागा नाही, ड्रेनेजची सोय नाही. व्यवहार नोटरीवर किंवा सामाईक सात-बाऱ्यावर नाव चढवून. विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर जाणाऱ्या कुटुंबाला परवडणारी जमीन ही एवढीच होती. त्यांना ‘आधी लेआउट बघायचं होतं’ म्हणणं सोपं आहे. माझा त्यांच्यावर आक्षेप नाही.

पण म्हणूनच मी म्हणतो की परवाना मिळणार की नाही हे इंद्रभुवनच्या, म्हणजे महापालिकेच्या आवारात ठरत नाही, विसार देताना ठरतं. खिडकीवर अडलेली फाईल उघडली की नकाशातली चूक क्वचित सापडते. जमीन ग्रीन झोनमध्ये (शेतीसाठी राखलेल्या भागात) निघते, अंगावर विकास आराखड्यातला रस्ता किंवा बागेचं आरक्षण निघतं, नाहीतर सात-बाऱ्यावर वीस जणांची नावं आणि कुणाचा तुकडा कुठला ते मोजणीशिवाय सांगता येत नाही. मग लोक म्हणतात पालिका अडवते. कधीकधी अडवतातही, टेबलावर काय चालतं ते तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. पण टेबल उद्या धुतल्या तांदळासारखं झालं तरी आरक्षणातल्या प्लॉटवर घर मंजूर होणार नाही.

जे आधीच राहतात त्यांना गुंठेवारी कायद्याची, म्हणजे असे विनामंजुरी पाडलेले तुकडे नियमित करून घ्यायची वाट आहे. २००१ चा कायदा, २०२१ च्या दुरुस्तीने मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या तुकड्यांना मिळाली. प्लॉट नियमित करून प्रमाणपत्र घ्यायचं, मग बांधकामाचा अर्ज. पैसे लागतात, आणि ते एकट्याने भरण्यापेक्षा एका गट नंबरातल्या सगळ्यांनी मिळून मोजणी करून अर्ज केलेला बरा. कारण अडचण रस्त्याच्या रुंदीची असते आणि रस्ता एकट्याचा नसतो. गल्लीत एक माणूस ‘मला नाही करायचं’ म्हणून बसला की बाकीचे खोळंबतात, हे मात्र होतं.

एकत्र येऊन काय होतं ते अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला जाऊन बघा. विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं झाली, रे नगर वसाहतीच्या तीस हजारांपैकी पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. त्यातल्या पाण्याच्या, रस्त्याच्या तक्रारींबद्दल कधीतरी वेगळं लिहीन. पण त्या बाईच्या हातात घराचा कागद आहे.

पालिकांनीही एक करावं असं मला वाटतं. मंजूर लेआउट नसलेल्या गट नंबरांची पाटी त्याच शेताच्या तोंडावर लावावी, एजंटाच्या फ्लेक्सपेक्षा मोठ्या अक्षरात. घर उठल्यावर नोटीस देण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

तुमच्या पुतण्याने होटगी रोडकडे प्लॉट बघितलाय असं लिहिलंत. त्याला विसार थांबवायला सांगा. नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा, लेआउट मंजूर असेल तर त्या आदेशाची प्रत विकणाऱ्याकडून मागा, मोजणीच्या नकाशाची क-प्रत बघा. एजंट ‘यलोमध्येच (निवासी झोनमध्ये) आहे’ म्हणेल, त्याला म्हणावं मग दाखला तूच आणून दे. विमानतळ जवळ असल्याने उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागतो का तेही आत्ताच विचारून घ्या. परवाना एका वर्षाचा असतो, पुढे दरवर्षी वाढवून आणखी तीन वर्षं चालतो, तेव्हा बांधायला पैसे जमायच्या आधी अर्जाची घाई नको. कागद मिळाले की इथेच कळवा, बघून सांगतो. त्याची फी नाही.